हरल्यावर बोलायला कोण येतो?

मागच्या हिवाळ्यात एलटीसी घेऊन इंदूरला जाऊन आलो. आमच्या आत्याचं घर जुनी इंदूर भागात आहे, शनी मंदिराच्या अलीकडच्या एका बोळात. आत्या मूळची आमच्या फोंडा तालुक्यातली. लग्न होऊन इकडे आली आणि बघता बघता इंदूरची झाली. हुमण विसरली नाही, पण मनासारखी मासळी मिळत नाही म्हणून कुरकुरायचं मात्र तिने कधीच सोडून दिलं. आता सकाळी पोहे-जिलबी आणि रात्री सराफ्यात चक्कर, असा तिचा पक्का माळवी संसार आहे.

जुनी इंदूर म्हणजे या शहराचं मूळ गाव. होळकर येण्याच्या आधीपासूनची ही वस्ती. इथल्या जमीनदारांचा रावळा लोक अजून बोट दाखवून सांगतात. खान आणि सरस्वती या दोन नद्या इथून वाहतात (नद्या म्हणायचं ते आदरापोटी, आमच्या मांडवीच्या माणसाला त्या ओहोळासारख्याच वाटायच्या). पूल ओलांडून पलीकडे गेलं की राजवाडा, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, सराफा. हे सगळं बघितलं, फोटो काढले. त्यावर कधीतरी सवडीने लिहीन. आज लिहायचंय ते एका बॅटबद्दल. ती बॅट बघायची मात्र राहूनच गेली.

त्याचं झालं असं. आत्याचे थोरले दीर, त्यांना घरात सगळे नाना म्हणतात, वय सत्त्याऐंशी. ऐकू कमी येतं, म्हणून टीव्हीचा आवाज चाळीत ऐकू जाईल इतका. एका संध्याकाळी कुठल्यातरी सामन्यानंतर हरलेल्या संघाचा एक कोवळा पोरगा माइकसमोर उभा होता. प्रश्न विचारणारा त्याच्यापेक्षा उत्साहात! पोरगा घाम पुसत तीच तीच वाक्यं बोलत होता. नाना खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले, "अरे, जाऊ दे ना भिया त्या पोराला घरी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आमच्या वेळी बरं होतं. कोणी बोलायलाच यायचं नाही. पण मग लोक बॅटवर राग काढायचे."

मी म्हटलं, "बॅटवर म्हणजे?"

"विजय बल्ला. तुला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. मी पुस्तकं वाचलेला माणूस, बी.ए.ला इतिहास घेतलेला, आणि मला इंदूरचा विजय बल्ला माहीत नव्हता.

1971 साल. अजित वाडेकर नावाचा मुंबईचा मराठी माणूस भारताचा कर्णधार होतो आणि एकाच वर्षात दोन चमत्कार घडतात. आधी वेस्ट इंडीजला त्यांच्याच घरात हरवलं, पोर्ट ऑफ स्पेनला. त्या कसोटीत शतक कुणाचं, हे आम्हा गोंयकारांना सांगायला नको: मडगावच्या दिलीप सरदेसाईंचं, 112 धावा. त्या अख्ख्या मालिकेत त्यांनी 642 धावा केल्या, आणि सुनील गावसकर नावाचा पोरगा त्याच दौऱ्यात जगाला दिसला. मग ऑगस्टमध्ये ओव्हलला चंद्रशेखरने 38 धावांत 6 बळी घेतले आणि इंग्लंडमध्ये पहिल्यांदा कसोटी आणि मालिका दोन्ही आपण जिंकलो. देशभर जल्लोष झाला. इंदूरने तर चौकात काँक्रीटची एक भलीमोठी बॅट उभी केली, खेळाडूंच्या नावांसकट. हा विजय बल्ला.

इंदूरनेच का, असं कुणी विचारेल. त्याला कारण आहे. भारताचा पहिला कसोटी कर्णधार कर्नल सी. के. नायडू. जन्म नागपूरचा, 1895 चा, पण 1923 मध्ये तुकोजीराव होळकरांनी त्यांना इंदूरला बोलावून घेतलं आणि होळकरांच्या फौजेत हुद्दा दिला. 1967 मध्ये वारले तेही इंदूरलाच. परदेशात शतक काढणारा पहिला भारतीय कसोटीपटू मुश्ताक अली (मँचेस्टर, 1936, 112 धावा), तो अस्सल इंदूरचा. चंदू सरवटे इंदूरचे, वकील आणि बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ! 1946 मध्ये ओव्हलवर सरेविरुद्ध त्यांनी आणि शुटे बॅनर्जींनी शेवटच्या जोडीला 249 धावा जोडल्या, त्या वेळी ते दहाव्या आणि अकराव्या क्रमांकावर आलेले होते. अशा गावाला क्रिकेटचं देऊळ बांधावंसं वाटलं तर नवल काय?

पण देवळातला देव पावला नाही तर आपले लोक काय करतात, हेही आपल्याला ठाऊक आहे. पाऊस पडला नाही की देव पाण्यात बुडवून ठेवतात ना, तसंच.

1974 च्या उन्हाळ्यात तोच वाडेकर, जवळपास तोच संघ, पुन्हा इंग्लंडला गेला. मँचेस्टरला 113 धावांनी हार. मग लॉर्ड्स. इंग्लंडने 629 केल्या. आपण 302 करून फॉलोऑन घेतला. शनिवारी संध्याकाळी दुसरा डाव सुरू झाला, रविवारी सुट्टी होती, आणि सोमवारी, 24 जूनला सकाळी, सतरा षटकांत सगळे बाद. बेचाळीस. दोन आकडी धावा एकट्या एकनाथ सोलकरच्या, नाबाद 18. ख्रिस ओल्डने पाच आणि जेफ अर्नोल्डने चार बळी घेतले. बर्मिंगहॅमलाही डावाने हार. तीन-शून्य. तेव्हा 'समर ऑफ फॉर्टी-टू' नावाचा एक अमेरिकन सिनेमा येऊन गेला होता, त्यावरून लोकांनी या दौऱ्याचं नावच तसं पाडलं.

आणि मैदानाबाहेरही ग्रह फिरलेले. लंडनमध्ये भारतीय उच्चायुक्तांकडच्या मेजवानीला संघ उशिरा पोचला म्हणून त्याला परत पाठवण्यात आलं. सुधीर नाईक या सलामीच्या फलंदाजावर एका मोठ्या दुकानातून मोजे चोरल्याचा आळ आला. गाजावाजा नको म्हणून त्याला गुन्हा कबूल करायचा सल्ला दिला गेला, आणि त्याने तो ऐकला. पुढे आयुष्यभर ते सांगत राहिले की मी चोरी केलेली नव्हती. 2023 मध्ये ते गेले. मुंबईला रणजी जिंकून देणारा कर्णधार, वानखेडेची खेळपट्टी सांभाळणारा माणूस, पण मृत्यूच्या बातम्यांतही त्या मोज्यांनी पाठ सोडली नाही. गप्प बसून प्रकरण मिटतं असं सांगणाऱ्या शहाण्यांचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. आपण बोललो नाही की आपल्या वतीने दुसरेच बोलतात.

तर इकडे भारतात काय झालं? वाडेकरांच्या मुंबईतल्या घरावर दगड पडले. आणि इंदुरात लोकांनी विजय बल्ला विद्रूप केला. ज्या नावांना तीन वर्षांपूर्वी हार घातले होते, तीच नावं.

नाना म्हणाले ते मला तेव्हा पटलं. त्या काळी सामना संपल्यावर कर्णधाराने समोर बसून पत्रकारांना तोंड द्यायचं आणि ते त्याच रात्री घराघरांत दिसायचं, असा प्रकार नव्हता. टीव्ही दिल्ली-मुंबईबाहेर फारसा कुणाकडे नव्हता. हार कळायची ट्रान्झिस्टरवरून आणि सकाळच्या पेपरातून, तीही आकड्यांत. कर्णधाराचा चेहरा दिसायचा नाही. त्याचा आवाज थरथरतो की नाही, डोळे खाली आहेत की वर, काही कळायचं नाही. राग मात्र पुरा यायचा. मग तो काढायचा कुणावर? वाडेकर सात समुद्रांपलीकडे, बॅट समोर.

वाडेकर परत आले ते एका अर्थी संपूनच. दुलीप करंडकासाठी पश्चिम विभागाच्या संघातून त्यांना वगळलं गेलं. त्यांनी निवृत्ती घेतली आणि स्टेट बँकेतली नोकरी करत राहिले. (नोकरी होती म्हणून बरं, असं माझ्यातला कारकून म्हणतो!) पण नशिबाचा खेळ बघा. नव्वदीच्या दशकात हेच वाडेकर भारतीय संघाचे व्यवस्थापक झाले, आणि 13 मार्च 1996 ला ईडन गार्डन्सवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ते संघासोबत होते. 252 हवे होते, 1 बाद 98 वरून 8 बाद 120. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, स्टँडमध्ये आगी लावल्या, सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइडनी सामना श्रीलंकेला देऊन टाकला, आणि विनोद कांबळी रडत रडत मैदानाबाहेर आला. कांबळीचे ते अश्रू अख्ख्या देशाने पाहिले. काहींचा राग विरला, काहींनी थट्टा केली. माणूस समोर दिसला म्हणजे लोक दया करतातच, असं काही नाही.

आमचे फुटबॉलवाले वाचक इथे मला बार्बोसाची आठवण करून देतील. ब्राझीलचा गोलरक्षक. 16 जुलै 1950, माराकाना स्टेडियम, उरुग्वेकडून 2-1 हार. घिजियाचा तो दुसरा गोल बार्बोसाच्या डाव्या बाजूने आत गेला. त्यानंतर तो पन्नास वर्षं जगला आणि मरण्याआधी म्हणाला की आमच्या देशात मोठ्यात मोठी शिक्षा तीस वर्षांची आहे, मी मात्र पन्नास वर्षं भोगतोय. ब्रह्मानंद शंखवाळकरांना पोस्टखाली उभं राहिलेलं पाहिलेल्या पिढीला हे वेगळं सांगायला नको. गोलरक्षकाने वाचवलेले गोल कुणी मोजत नाही.

असो. नानांच्या घरी परत येऊ.

नाना सतरा वर्षांचे असताना, 1955 मध्ये, यशवंत क्लबच्या मैदानावर रणजीचा अंतिम सामना बघायला गेले होते. होळकर विरुद्ध मद्रास. ही होळकर टीम म्हणजे एक अजब गोष्ट. संस्थान 1948 मध्ये मध्य भारतात विलीन झालं, पण संघ जुन्याच नावाने खेळत राहिला. जेमतेम चौदा वर्षांचं आयुष्य आणि त्यात दहा वेळा अंतिम फेरी! त्यातल्या चार जिंकल्या, सहा हरल्या. म्हणजे बघा, भारतीय क्रिकेटमधला एवढा मोठा संघ, पण त्याच्या खात्यावर जिंकलेल्या फायनलपेक्षा हरलेल्याच जास्त.

आणि हरणं तरी कसलं! 1944-45 ची मुंबईविरुद्धची फायनल घ्या. ब्रेबॉर्न स्टेडियम. मुंबई 462, होळकर 360. दुसऱ्या डावात मुंबईने 764 केल्या, त्यात विजय मर्चंट 278. सी. एस. नायडूंनी (सी. के. यांचे धाकटे भाऊ) त्या एका सामन्यात 917 चेंडू टाकले. एका माणसाने! आणि मग जिंकायला 867 हवेत म्हटल्यावर कुणीही हात टेकले असते. होळकरांनी 492 केल्या. मुश्ताक अलींची दोन्ही डावांत शतकं. आणि डेनिस कॉम्प्टन, हा इंग्लंडचा प्रसिद्ध फलंदाज तेव्हा महायुद्धामुळे फौजेतून इंदूरजवळच्या महूला होता, तो होळकरांकडून नाबाद 249. तरी 374 धावांनी हार. कॉम्प्टन पुढे हसत हसत सांगायचा की शंभराच्या पुढच्या प्रत्येक धावेला पैसे देईन असं एका शेठजीने कबूल केलं होतं, आणि सामना संपल्यावर शेठजींचा निरोप आला, तातडीच्या कामासाठी कलकत्त्याला जावं लागलं!

दोन वर्षांनी बडोद्याला गेले तर विजय हजारे 288, गुल महंमद 319, चौथ्या जोडीची 577 धावांची भागी. ही भागीदारी 2006 पर्यंत जगात कुणी मोडली नव्हती. होळकर एक डाव आणि 409 धावांनी हरले. 1951-52 ला पुन्हा मुंबईशी अंतिम सामना. छप्पन्न वर्षांच्या सी. के. यांच्या तोंडावर दत्तू फडकरांचा चेंडू बसून दोन दात पडले. सांगतात की त्यांनी ते दात खेळपट्टीवरून बाजूला सारले, उपचार नाकारले आणि फडकरांना म्हणाले, टाक पुढचा. खरं-खोटं देव जाणे, पण इंदुरात ही गोष्ट कुठल्याही पानवाल्याला विचारा, तो दातांसकट सांगेल.

1955 ला मात्र सामना घरच्या मैदानावर होता. मद्रास 46 धावांनी जिंकली. मद्रासची ती पहिलीच रणजी. आणि होळकर संघाचा तो शेवटचा सामना ठरला. पुढच्या मोसमात संघाचं नाव बदलून मध्य भारत झालं.

मी नानांना विचारलं, "मग लोकांनी काय केलं?"

"काय करणार? घरी आलो चालत. पूल ओलांडेपर्यंत कोणी बोललं नाही. आईने विचारलं काय झालं, मी म्हटलं जेवायला वाढ."

"खेळाडूंना कुणी काही म्हटलं नाही?"

"त्यांना काय म्हणायचं? ते तर आमच्यासमोर खेळले ना."

या शेवटच्या वाक्यावर मी बराच विचार केला. नाना काही तत्त्वज्ञान सांगत नव्हते. पण 1955 ला त्यांनी शेवटच्या विकेटपर्यंत माणसं बघितली होती, त्यांचे घामेजलेले शर्ट बघितले होते. 1974 ला फक्त आकडा ऐकला होता, बेचाळीस.

आता इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक आगाऊपणा करतो. इंदूरचं आणि पराभवाच्या जाबजबाबाचं नातं क्रिकेटच्या कितीतरी आधीचं आहे. होळकर घराण्याचे संस्थापक मल्हारराव 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर होते. विश्वासराव पडले, भाऊ गर्दीत शिरले, आणि मल्हारराव आपली फौज घेऊन मैदानातून निघाले. दहा दिवसांनी नानासाहेब पेशव्यांना भेलशाला पराभवाची खबर मिळाली ती सावकारी सांकेतिक भाषेत, मोत्यांची आणि मोहरांची. आपल्या इतिहासातलं पराभवाचं ते सर्वांत प्रसिद्ध निवेदन, आणि त्यात कुणाचंही नाव नाही! नावं आली ती नंतर, बखरींत. बखरकारांनी मल्हाररावांना सोडलं नाही. पळाले म्हणाले. दुसरे सांगतात की भाऊंच्याच इशाऱ्यावरून बायकामाणसांना घेऊन ते निघाले होते, आणि पार्वतीबाई सुखरूप परतल्या हे तर खरंच आहे. मल्हाररावांनी त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मांगरोळला जयपूरवाल्यांना हरवून माळव्यातली घडी पुन्हा बसवली. 1766 मध्ये ते वारले. पण आजही पानिपत म्हटलं की कुणीतरी विचारतंच: मल्हारराव पळाले का?

गंमत म्हणजे इंदूर राजधानी झालं तेही एका पराभवानंतर. डिसेंबर 1817 ला महिदपूरला होळकर इंग्रजांकडून हरले, जानेवारी 1818 ला मंदसोरचा तह झाला, आणि त्यानंतर दरबार इंदूरला आला.

'पळाले' या शब्दापाशी मी थांबलोय, कारण मला स्वतःबद्दल एक गोष्ट सांगायची आहे. अठरा वर्षांहून जास्त काळ मी ती कुणाला सांगितलेली नाही.

राहुल द्रविडचा जन्म इंदूरचा, 11 जानेवारी 1973. मराठी घर. वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब बेंगळुरूला गेलं, वडील जॅम बनवणाऱ्या कंपनीत होते म्हणून पोराचं टोपणनाव 'जॅमी'. 2007 च्या विश्वचषकात तो कर्णधार होता. 17 मार्चला पोर्ट ऑफ स्पेनला (तेच, 1971 वालं) बांगलादेशने आपल्याला पाच गडी राखून हरवलं, आपण 191. मग बर्म्युडाविरुद्ध 413 कुटल्या, त्याचा काय उपयोग? 23 मार्चला श्रीलंकेचे 254, आपण 185. आपल्याकडे तेव्हा पहाट होत आलेली. टीव्हीवर पॅव्हेलियनमध्ये बसलेला द्रविड दिसत होता. त्या दिवशी संघात सगळ्यांत जास्त धावा त्याच्याच होत्या, 60. बर्म्युडाने बांगलादेशला हरवलं तर अजून आशा आहे, असं एक गणित शिल्लक होतं, ते दोन दिवसांनी संपलं.

आम्ही वाड्यावरची दहा-बारा पोरं देवळाजवळच्या क्लबात रात्रभर जागी होतो. शिगम्याचे ढोल-ताशे अजून आवरून ठेवलेले नव्हते. सकाळी कुणीतरी म्हणालं, मिरवणूक काढूया. पेपरातला द्रविडचा मोठा फोटो पुठ्ठ्यावर चिकटवला, चपलांचा हार केला. फलक कोण लिहिणार? अर्थात मी. माझं अक्षर वळणदार, खात्यात लागून मला दोन वर्षं झाली होती आणि कार्यालयाबाहेरच्या सगळ्या सूचना तेव्हा मीच लिहायचो. रोमटामेळात घोषणा द्यायच्या चालीवर मी दोन ओळी जुळवल्या. त्या इथे देत नाही. पण त्यात एक शब्द होता, 'पळपुटा'. लोक खूप हसले. मला तेव्हा अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू?

पळपुटा! जो माणूस त्याच रात्री, तेच तोंड घेऊन, कर्णधार म्हणून बोलायला आला होता त्याला. पळालो होतो ते आम्ही, गर्दीत.

पुढे माझ्या नोकरीत मला 'खुलासा' नावाच्या साहित्यप्रकाराची चांगली ओळख झाली. फाइल अडली, की मेमो येतो. मेमो आला, की खुलासा लिहायचा. वरिष्ठांसाठीही कितीतरी खुलासे मी लिहून दिलेत. त्याची एक ठरलेली भाषा असते: 'सदर विलंब अनवधानाने झाला', 'योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे'. त्या वाक्यांत कर्ता कधीच सापडत नाही. विलंब आपोआप होतो, फाइल आपोआप गहाळ होते, जसा पाऊस आपोआप पडतो. वीस वर्षं हे लिहिलेल्या माणसाला हरलेल्या कर्णधाराचं बोलणं ऐकताना एक गोष्ट लगेच कळते: याच्या वाक्यात कर्ता आहे की नाही.

म्हणून 19 नोव्हेंबर 2023 ची रात्र माझ्या लक्षात आहे. अहमदाबाद. सलग दहा सामने जिंकून आलेला भारत, 240 सर्वबाद. ट्रॅव्हिस हेड 137, ऑस्ट्रेलिया सहा गडी राखून, 42 चेंडू बाकी असताना विजयी. रोहित शर्मा डोळे पुसत आत गेला. आणि पत्रकारांसमोर बोलायला आला तो प्रशिक्षक, राहुल द्रविड. पन्नाशीचा, कानशिलांवर केस पांढरे झालेला. कुणीतरी विचारलं, संघ घाबरून खेळला का? त्याने शांतपणे नाही म्हटलं, पहिल्या दहा षटकांत 80 धावा केल्याचं दाखवून दिलं, विकेट पडल्या म्हणून डाव बदलावा लागला हे सांगितलं. ड्रेसिंग रूममध्ये पोरांना तसं बघणं प्रशिक्षक म्हणून कठीण आहे, म्हणाला, कारण त्यांनी काय काय केलंय ते मला माहीत आहे. समोरचा संघ आज चांगला खेळला, आणि उद्या सकाळी सूर्य उगवेलच. स्वतःच्या पुढच्या वाटचालीबद्दल विचारलं तेव्हा, आत्ताच मैदानातून आलोय, तो विचार केलेला नाही, एवढंच बोलला.

तो काही बर्फाचा गोळा नाही. 2014 ला राजस्थानच्या आयपीएल संघाचा मार्गदर्शक असताना वानखेडेवर आदित्य तरेने षटकार मारून मुंबईला पुढे नेलं, तेव्हा याच द्रविडने डोक्यावरची टोपी काढून आपटली होती. मला ती टोपी फार आवडते. रागही येतो माणसाला, पण माइकसमोर बसायच्या वेळी तो कुठे ठेवायचा हे कळलं पाहिजे.

अर्थात हे प्रत्येकाने करायलाच हवं का? जपानची टेनिसपटू नाओमी ओसाका 2021 च्या फ्रेंच ओपनमध्ये म्हणाली, मला पत्रकार परिषद सोसत नाही, मी येणार नाही. तिला 15,000 डॉलर दंड झाला आणि तिने स्पर्धाच सोडली. तेव्हा ऑफिसात सगळे म्हणाले, नखरे आहेत. मी गप्प बसलो. मेमो हातात पडल्यावर आदल्या रात्री झोप न आलेले लोकच हे म्हणत होते.

हरल्यावर समोर आलेल्याला न्याय मिळतोच असंही नाही, आणि मिळाला तर किती वर्षांनी! चंद्रकांत पंडित 1999 मध्ये मध्य प्रदेशचा कर्णधार होता. बेंगळुरूला कर्नाटकाविरुद्ध रणजी फायनल, पहिल्या डावात आघाडी, आणि शेवटी 96 धावांनी हार. 26 जून 2022 ला तोच पंडित, आता प्रशिक्षक, त्याच चिन्नास्वामी मैदानावर मध्य प्रदेशला पहिली रणजी जिंकून देताना ढसढसा रडला. हरवलं कुणाला, तर त्याच्याच मुंबईला. त्या सामन्यात शतक ठोकणारा रजत पाटीदार इंदूरचा. नानांनी त्या दिवशी पेढे वाटले, असं आत्या सांगते. होळकर संघानंतर सदुसष्ट वर्षांनी!

द्रविडला फार थांबावं लागलं नाही. अहमदाबादनंतर सात महिन्यांनी, 29 जून 2024 ला, बार्बाडोसला भारताने टी-ट्वेंटीचा विश्वचषक जिंकला. पोरांनी करंडक त्याच्या हातात दिला आणि तो माणूस चक्क ओरडला. पुन्हा वेस्ट इंडीज. मी एकटाच बघत होतो, बायको-पोरं झोपलेली. मला तो फलक आठवला.

इंदूरच्या शेवटच्या रात्री हे सगळं मी नानांना सांगितलं. त्यांना नीट ऐकू जावं म्हणून मला ते मोठ्याने सांगावं लागलं, त्यामुळे आत्याने आणि तिच्या सुनेनेही ऐकलं. फोटो, चपला, माझं वळणदार अक्षर, सगळं. आत्या म्हणाली, "शी! तू?" नाना काही बोलले नाहीत. टीव्ही बंद होता. बराच वेळ ते पायावरची शाल सारखी करत राहिले.

मग म्हणाले, "विजय बल्ल्यावर त्या रात्री रंगाचा डबा कुठून आला होता, ते मला ठाऊक आहे."

"कुठून?" मी विचारलं.

नानांनी आत्याच्या सुनेला हाक मारली आणि म्हणाले, "याची गाडी पहाटेची आहे ना? डब्यात पुऱ्या दे बरोबर."